सूर कुणी लावायचा?

ऑक्टोबर 2013 मध्ये स्टॉकहोमच्या जुन्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये हजारो स्वीडिश माणसं जमली आणि त्यांनी मिळून राष्ट्रगीत म्हटलं. स्वतःचं नव्हे, रशियाचं. वर इंद्रधनुषी झेंडे होते. त्याच वर्षीच्या जूनअखेरीस व्लादिमिर पुतिन यांनी एका कायद्यावर सही केली होती. ‘अपारंपरिक लैंगिक संबंधांचा प्रचार’ अल्पवयीन मुलांपर्यंत पोचवणं त्या कायद्याने गुन्हा ठरलं. प्रचार म्हणजे नेमकं काय, हे सोयीने ठरवता येईल इतका तो सैल होता. फेब्रुवारी 2014 मध्ये सोचीला हिवाळी ऑलिंपिक व्हायचं होतं आणि साऱ्या जगाचे कॅमेरे तिकडे वळायचे होते. तेव्हा ज्या गाण्याने रशिया स्वतःचा गौरव करतो तेच गाणं त्याच्या कायद्याविरुद्ध उभं करायचं, अशी ही स्वीडिश युक्ती. त्यात नकळत एक खोचही साधली गेली. या राष्ट्रगीताची चाल अलेक्झांद्र अलेक्झांद्रोव्ह यांची, आणि हे गृहस्थ सोव्हिएत लष्कराच्या प्रसिद्ध गायकवृंदाचे संस्थापक. शेकडो पुरुषांनी खांद्याला खांदा लावून, छाती भरून म्हणावी म्हणूनच ती चाल घडलेली.

रशियावर परिणाम काय झाला? काहीच नाही. सोचीच्या उद्घाटनाला रशियन पोलिसांचा गायकवृंद गणवेशात उभा राहिला आणि त्याने ‘गेट लकी’ हे पाश्चात्त्य नाचगाणं झोकात म्हटलं. जगाने टाळ्या वाजवल्या. गायकवृंद सरकारकडेही असतात आणि तेही चांगलं गातात, हे विसरून चालत नाही. पुढे डिसेंबर 2022 मध्ये तो कायदा मुलांपुरता न ठेवता सगळ्या वयांसाठी लागू झाला. नोव्हेंबर 2023 मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ नावाची कुठे नोंदही नसलेली गोष्ट अतिरेकी ठरवून टाकली.

मग दुसऱ्या देशातल्या समलिंगी माणसांसाठी आपल्या मैदानात उभं राहून गायचं कशाला? आणि त्यांच्या देशात जाऊन गायलं, तर ते गाणं कुणाच्या कामी येतं? पुढच्या पानांत निरनिराळ्या शहरांतल्या गायकवृंदांच्या कहाण्या येतील. त्या वाचण्याआधी या दोन प्रश्नांशी थोडं झगडावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी या गाण्याची जात समजून घेऊ, कारण आपल्या कानाला तिची सवय कमी. आपल्याकडे अनेकांनी मिळून गायचं म्हणजे सगळ्यांनी एकच चाल म्हणायची. आरती, भजन, शाळेची प्रार्थना, सेवा दलाच्या कलापथकाचं समूहगीत, सगळीकडे हेच. पाश्चात्त्य कॉयरमध्ये सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार गट चार वेगळ्या ओळी एकाच वेळी गातात. फक्त पुरुषांचा वृंद असेल तर टेनर आणि बास यांचेच दोन-दोन भाग पाडतात. शेजारच्याचं सतत ऐकायचं, पण त्याच्या ओळीत घसरायचं नाही. नवख्याला हे फार जड जातं. दुसऱ्या टेनरमधला नवा माणूस पहिल्या दहा मिनिटांत पहिल्या टेनरची चाल म्हणू लागतो, कारण ती कानाला गोड लागते.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी आहेत, आणि पुढच्या सगळ्या कहाण्यांत त्या मला दिसत राहतात. पहिली श्वासाची. बारा-पंधरा मात्रांचा लांब स्वर कुणा एकाच्या फुप्फुसांत मावत नाही. म्हणून नियम असा, की शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. शब्द संपतो तिथे तर नाहीच, कारण तिथे सगळ्यांनाच घ्यावासा वाटतो. मध्येच गुपचूप घ्यायचा आणि हलक्या आवाजात पुन्हा सामील व्हायचं. दिंडीत पुढच्या टाळकऱ्यांचा दम सरला की मागची रांग अभंग उचलते, तसंच हे, फक्त कुणाला कळू न देता. ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वर अखंड आहे. दुसरी गोष्ट सूर देण्याची. साथीला वाद्य नसेल तर गाणं सुरू होण्याआधी एक जण खिशातून चपटं, गोल पिचपाइप काढून हलकेच फुंकतो. तो एक स्वर सगळे मनात धरतात आणि आपापली जागा त्याच्यावरून शोधतात. तो चुकला तर शंभर जण चुकतात, तेही एकदिलाने.

गोथेनबर्ग विद्यापीठाच्या ब्यॉर्न विकहॉफ यांनी 2013 मध्येच एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पंधरा तरुणांना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. लांब ओळींचं गाणं असलं की श्वास एका लयीत पडतो आणि ठोक्यांची गतीही एकदमच वरखाली होऊ लागते, असं त्यांना आढळलं. पंधरा जणांवरून जगाचा सिद्धान्त मांडू नये. पण कॉयरमध्ये ज्याने चार महिने काढलेत त्याला यात नवल वाटणार नाही.

समलिंगी माणसांनी हा प्रकार आपलासा केला तो अमेरिकेत, सत्तरच्या दशकात. फिलाडेल्फियात 1975 मध्ये कॅथरीन रोमा यांनी ‘ॲना क्रूसिस’ हा स्त्रियांचा वृंद उभा केला. पण ज्या घटनेने या गाण्याला राजकीय वजन दिलं ती सॅन फ्रान्सिस्कोची. जॉन सिम्स या संगीतशिक्षकाने पुरुषांचा वृंद जमवला आणि नावातच ‘गे’ शब्द घातला. पहिली तालीम 30 ऑक्टोबर 1978 च्या सोमवारी झाली. चार आठवड्यांनी, 27 नोव्हेंबरच्या सोमवारी, महापौर जॉर्ज मोस्कोनी आणि शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आलेले समलिंगी सदस्य हार्वी मिल्क या दोघांची सिटी हॉलमध्येच गोळ्या घालून हत्या झाली. त्या संध्याकाळी हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन कॅस्ट्रो वस्तीतून चालत सिटी हॉलपाशी आली, आणि हा महिनाभराचा वृंद पायऱ्यांवर उभा राहून मेंडेल्सोनचं एक प्रार्थनागीत गायला. जाहीर गायनाचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग. ज्या धर्माचे उपदेशक त्यांना पापी ठरवत होते त्याच धर्माची प्रार्थना त्यांनी निवडली. मला वाटतं, निवडली म्हणणंही जास्त होईल. महिनाभराच्या तालमीत जे बसलं होतं ते गायले असतील, आणि ते चपखल बसलं.

1981 मध्ये या वृंदाने देशभर दौरा केला. नंतर ठिकठिकाणी असे वृंद निघाले. 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्यांचा पहिला महोत्सव भरला. युरोपातल्या वृंदांचा महोत्सव 1985 मध्ये कलोनमध्ये सुरू झाला, तो आजही भरतो. पण तोवर एड्स आला होता. सिम्स स्वतः 1984 मध्ये गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या वृंदाने या साथीत तीनशेच्या आसपास गायक गमावले. 1993 मध्ये छायाचित्रकार एरिक लूस यांनी या वृंदाचं एक छायाचित्र काढलं. मंचावर ओळीने पुरुष उभे आहेत. जवळजवळ सगळे काळ्या कपड्यांत, कॅमेऱ्याकडे पाठ करून. त्यांच्यात मूठभर जण पांढऱ्या शर्टात, चेहरा समोर. पांढऱ्यातले मूळ वृंदातले जिवंत उरलेले. पाठमोरे उभे असलेले गेलेल्यांच्या जागी. ते बघताना गायकाच्या मनात पहिला विचार संगीताचाच येतो: एवढ्याशा आवाजांत बासची ओळ कुणी धरली असेल?

हा इतिहास सांगायचं कारण असं, की या वृंदांनी परदेशातल्या माणसांसाठी गायला सुरुवात केली तेव्हा ते मदत वाटायला निघालेले सुखवस्तू लोक नव्हते. मरणाच्या दारात गाणं कसं टिकवायचं हे त्यांनी घरीच शिकून घेतलं होतं. लंडनचा गे मेन्स कोरसही तसाच जन्मला. 1991 च्या नाताळात एंजल नावाच्या भुयारी रेल्वे स्थानकात काही मित्र कॅरोल गात उभे राहिले आणि एचआयव्हीग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टसाठी पैसे गोळा केले. तेव्हा ब्रिटनमध्ये 1988 चं ‘कलम 28’ लागू होतं. समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ देण्याची स्थानिक संस्थांना त्यात बंदी होती. रशियाच्या 2013 च्या कायद्याचं हे इंग्रज भावंडच. इंग्लंडमध्ये ते 2003 पर्यंत टिकलं.

12 जून 2016 ला अमेरिकेत ऑरलँडोच्या ‘पल्स’ या समलिंगींच्या क्लबमध्ये 49 जणांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी लंडनच्या ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर गर्दी लोटली. हाच वृंद त्या गर्दीत उभा राहून सायमन आणि गारफंकेलचं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ गायला. त्या रस्त्यावरच्या ‘ॲडमिरल डंकन’ या समलिंगींच्या पबमध्ये 1999 मध्ये बॉम्ब फुटून तिघे मेले होते. त्यामुळे ऑरलँडोचं दुःख तिथे परकं नव्हतं. या प्रसंगाबद्दल मला शंका नाही. अशा वेळी कुणी कुणाला काही शिकवत नसतं.

शंका सुरू होते ती विमानात बसल्यावर. आणि तिच्याबद्दल बोलायला बॉस्टन गे मेन्स कोरसचा 2015 चा दौरा सगळ्यात चांगला, कारण त्यात सगळं एकदम घडलं. रूबेन रेनॉल्ड्स यांच्या संचालनाखाली हा वृंद त्या जूनमध्ये इस्रायल आणि तुर्कस्तानला निघाला. इस्तंबूलमध्ये झोरलू सेंटरच्या आलिशान नाट्यगृहात कार्यक्रम ठरला होता. तिथल्या धर्मनिष्ठ वर्तुळांतून ओरड झाली, रमजानच्या महिन्यात हे कशाला असा सवाल आला, आणि नाट्यगृहाने अंग काढून घेतलं. वृंद मात्र गेला. बोआझिची विद्यापीठाने जागा दिली आणि 27 जूनला तिथे उघड्यावर, मोफत कार्यक्रम झाला. गंमत अशी, की हे विद्यापीठ मुळात 1863 मध्ये अमेरिकनांनीच काढलेलं कॉलेज. ‘ही परदेशी फॅडं आहेत’ म्हणणाऱ्याला आयताच पुरावा.

आदल्याच दिवशी, 26 जूनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली होती. बॉस्टनवाल्यांना ती 2004 पासूनच होती. त्यांचं राज्य त्या बाबतीत देशात पहिलं. म्हणजे गायक आनंदात. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, 28 जूनला, इस्तंबूलच्या गव्हर्नरने तिथल्या प्राइड मिरवणुकीवर ऐन वेळी बंदी घातली. 2003 पासून ही मिरवणूक निघत होती आणि आधीच्या काही वर्षांत तिला प्रचंड गर्दी व्हायची. पोलिसांनी जमलेल्यांवर पाण्याचा मारा केला, रबरी गोळ्या झाडल्या. त्यानंतर दर वर्षी बंदीच आहे. बोआझिचीतला एलजीबीटी विद्यार्थ्यांचा क्लब फेब्रुवारी 2021 मध्ये बंद करण्यात आला.

आता हिशेब कसा मांडायचा? परक्यांनी येऊन निखारे फुंकले आणि चटके घरच्यांना बसले, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. मिरवणुकीवरची बंदी एका गाण्यामुळे आली असं मानणं म्हणजे गाण्याला नको तेवढं श्रेय देणं. पण उलट बाजूची फुशारकीही मला मानवत नाही. ‘आम्ही तुर्कस्तानला स्वातंत्र्याचा संदेश दिला’ छापाची भाषा दौऱ्यांच्या माहितीपत्रकांत सहज शिरते, आणि ती इतिहासाला धरून नसते. ऑटोमन साम्राज्याच्या 1858 च्या दंडसंहितेपासून तुर्कस्तानात समलिंगी संबंध गुन्हा नव्हते. अमेरिकेतली अनेक राज्यं त्यांना 2003 पर्यंत गुन्हा मानत होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाला टेक्ससच्या खटल्यात तसे सगळे कायदे रद्द करावे लागले. आपलं कलम 377 तर इंग्रजांनीच 1860 मध्ये आपल्या गळ्यात बांधलेलं. या विषयात कोण कुणाला सुधारायला निघालंय, हे दर वेळी तारखा लावून तपासावं.

कसोटी एकच आहे असं मला वाटतं: पिचपाइप कुणाच्या हातात आहे? तिथल्या माणसांनी बोलावलं होतं का, कार्यक्रमाला स्थानिक माणूस न घाबरता येऊ शकला का, आणि पाहुणे विमानात बसल्यावर त्याच्या वाट्याला काय आलं. बोआझिचीच्या मोकळ्या आवारात तिकीट न काढता बसलेल्या विद्यार्थ्याला त्या संध्याकाळी शेकडो लोकांत उघडपणे बसता आलं. झोरलूच्या महागड्या खुर्च्यांत ते झालं नसतं. नाट्यगृहाने हात वर केले आणि कार्यक्रम सुधारला, असं माझं मत आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या वृंदाने 2017 मध्ये वेगळा रस्ता धरला. ते परदेशात गेलेच नाहीत. आपल्याच देशाच्या दक्षिणेत गेले. मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी, उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना. मिसिसिपीने धर्माच्या नावाखाली समलिंगींना सेवा नाकारायची मुभा देणारा कायदा केला होता. सोबत ऑकलंडचा सर्वधर्मीय गॉस्पेल वृंद होता, आणि सेल्मा गावातल्या एडमंड पेटस पुलावर, जिथे 1965 मध्ये काळ्या नागरिकांना पोलिसांनी झोडपलं होतं, तिथे ते मिळून गायले. या दौऱ्यावर ‘गे कोरस डीप साउथ’ नावाचा माहितीपट 2019 मध्ये आला. त्यातला मला सगळ्यात खरा वाटणारा माणूस म्हणजे वृंदाचे तेव्हाचे संचालक टिम सीलिग. हे टेक्ससचे, एके काळी ह्यूस्टनच्या मोठ्या बाप्टिस्ट चर्चमध्ये संगीताची जबाबदारी सांभाळणारे, बायकामुलांचे. पस्तिशीत आपण समलिंगी असल्याचं त्यांनी उघड सांगितलं आणि नोकरी, चर्च, घर एका झटक्यात गेलं. वृंदातले कितीतरी जण असेच दक्षिणेतून पळून कॅलिफोर्नियाला आलेले. त्यामुळे या दौऱ्यात पाहुणा कोण आणि घरचा कोण हे ठरवणंच अवघड होतं. अर्थात तिथेही काही चर्चनी दार लावून घेतलं, काहींनी उघडलं. मिसिसिपीचा तो कायदा गायक तिथे होते त्याच ऑक्टोबरमध्ये अमलात आला.

सोलचा ‘जी-व्हॉइस’ हा दक्षिण कोरियातला वृंद 2003 पासूनचा. 7 सप्टेंबर 2013 ला चित्रपट दिग्दर्शक किम जो ग्वांग-सू आणि त्यांचे जोडीदार किम सुंग-ह्वान यांनी शहराच्या मध्यवस्तीत, ओढ्याकाठी, भर लोकांत लग्नसोहळा केला. वृंद गात असताना एक धर्मवेडा मंचावर घुसला आणि त्याने गायकांवर विष्ठा फेकली. या वृंदावरच्या ‘वीकेंड्स’ या 2016 च्या माहितीपटात तो प्रसंग आहे. लग्न नोंदवून घ्यायला सरकारने नकार दिला, कोर्टानेही 2016 मध्ये दाद दिली नाही. परदेशी वृंदांच्या दौऱ्यांची मोठमोठी वर्णनं वाचताना मी या प्रसंगाची आठवण ठेवतो. तिकडे जाऊन गाणाऱ्याचं धाडस एका संध्याकाळचं असतं. जी-व्हॉइसच्या गायकांना सोमवारी त्याच शहरात ऑफिसला जायचं होतं. एकजूट दाखवायची तर पैसा, तालमीची जागा, स्वरलिप्या आणि पाहुणचार यांची देवघेव जास्त उपयोगी. तिचे फोटो मात्र चांगले येत नाहीत.

या सगळ्याचा मुंबईशीही धागा आहे. चार आवाजांचं गाणं मुंबईला नवं नाही. चर्चच्या कॉयरना इथे जुनी परंपरा आहे, आणि व्हिक्टर परंज्योती यांनी उभा केलेला, पुढे कूमी वाडिया यांनी वर्षानुवर्षं चालवलेला परंज्योती अकादमी कोरस युरोपात गाऊन आलेला आहे. परंज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही बिनशब्दांची रचना आजही जगभरचे वृंद गातात. 2014 मध्ये याच शहरात ‘रेनबो व्हॉइसेस मुंबई’ हा एलजीबीटी समाजाचा वृंद सुरू झाला. काळ लक्षात घ्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये मोडीत काढलेलं 377 सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 ला पुन्हा जिवंत केलं होतं, आणि 6 सप्टेंबर 2018 पर्यंत ते तसंच राहिलं. म्हणजे हा वृंद पहिली चार वर्षं ज्या कायद्याच्या छायेत गायला, तो त्याच्या सदस्यांना कधीही गुन्हेगार ठरवू शकत होता. यांना सूर द्यायला बॉस्टनहून कुणी यावं लागलं नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या कहाण्या वाचताना इस्तंबूलच्या आधी सोलची वाचा, असं माझं सुचवणं आहे. यांतल्या बहुतेक वृंदांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर मिळतात. वाचनाआधी एखादं ऐका, म्हणजे शब्दांवर फार विसंबावं लागणार नाही. आणि तुम्ही मुंबई-पुण्याकडे राहत असाल, गळा बरा असेल आणि वरच्या पट्टीत सहज जात असेल, तर जवळच्या एखाद्या वृंदाच्या तालमीला जाऊन बसा. हौशी मिश्र वृंदांना टेनर नेहमीच कमी पडतात, आणि तुम्ही स्वतः समलिंगी आहात की नाही हे तिथे सहसा कुणी विचारत नाही.